तिसऱ्या कडव्याआधी

हेमंतराव खटावकरांचा सकाळचा चहा पाळण्याच्या हिशोबाने व्हायचा. आधण ठेवायचं आणि भिंतीवरच्या डबीला सांगायचं, "आई लाव." मग आईचा आवाज स्वयंपाकघरात पसरायचा. पहिलं कडवं संपलं की साखर, दुसरं संपलं की चहापूड. दुसऱ्यानंतर आई मध्येच थांबायची आणि विचारायची, "शैला, आमटीत मीठ टाकलंस का गं?" मागे कुठेतरी पळी वाजायची. मग आई तिसरं कडवं घ्यायची, आणि ते संपलं की गॅस बंद. सगळं मिळून एक मिनिट पंचेचाळीस सेकंद. सातारच्या त्या दोन खोल्यांत हेमंतराव एकटेच राहायचे. लग्न करायचं राहून गेलं, असं ते सांगत. जणू वाण्याकडून हिंग आणायचा राहिला होता.

आईचं हे एवढंच रेकॉर्डिंग उरलं होतं. आई जाऊन दहा वर्षं झाली, तरी हेमंतरावांना तिची आठवण रडू येण्यासारखी यायची नाही. आई पलीकडच्या खोलीत आहे आणि मधलं दार तेवढं सापडत नाही, असं वाटायचं. रोज सकाळी पावणेदोन मिनिटं ते दार किलकिलं व्हायचं. माणसाला जगायला यापेक्षा जास्त काही लागत असेल, तर ते हेमंतरावांच्या वाट्याला आलं नव्हतं.

एका दैनिकात त्यांनी बत्तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. दैनिक बंद पडलं, आणि दुसऱ्यांच्या लेखनातल्या चुका काढून काढून साठलेलं स्वतःचं म्हणणं त्यांनी ब्लॉगवर ओतायला घेतलं. ब्लॉगचं नाव 'चष्म्याची काडी'. बातम्या सांगणारे एवढे ओरडतात का, वरातीत बँडवाल्याने वाजवलेलं गाणं नक्की कुणाचं, न्हाव्याच्या दुकानातला रेडिओ गेल्यापासून केस कापायला कंटाळा का येतो, पेरू आधी वासाने कळायचा तो आता किमतीने का कळतो, असलं काहीबाही. वाचणारे चाळीस-पन्नास, त्यातले पंधरा जुने सहकारी. एकाच लेखाने हजारो वाचक आणले. त्या लेखाचं नाव होतं 'मीठ', आणि त्याच लेखाने त्यांची थोरली बहीण शैला त्यांच्यापासून दूर नेली.

आई गेल्यावर वर्षाने त्यांनी हे रेकॉर्डिंग ब्लॉगवर टाकलं आणि खाली लिहिलं, की घर इतकं रिकामं झालं होतं की आई आमटीतल्या मिठाचं भिंतींना विचारायची. लेक आपल्या संसारात, उत्तर द्यायला कुणी नाही. लोकांनी डोळे पुसले. चारशे प्रतिक्रिया आल्या आणि त्यातल्या निम्म्या 'अशा मुली' या विषयावर होत्या.

खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी शैलाताई स्वयंपाकघरातच होत्या. आमटी त्यांनीच केली होती. त्या महिन्यातली त्यांची ती फलटणहून तिसरी खेप होती. हेमंतरावांना हे चांगलं ठाऊक होतं, कारण फोन ओट्यावर ठेवून ते स्वतः बाहेर पेपर वाचत बसले होते. पण रिकाम्या घराने लेख छान संपत होता. बत्तीस वर्षं लोकांच्या चुका काढणाऱ्या माणसाने ही एक चूक जाणूनबुजून ठेवली.

शैलाताईंनी भांडण केलं नाही. तेव्हापासून राखी पाकिटातून यायची आणि पाकिटात राखीशिवाय काही नसायचं.

*

या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती, तेव्हा एका सकाळी भाचीचा फोन आला. ऋतुजा पहिल्या बाळंतपणाला फलटणला आईकडे आली होती आणि तिला मुलगी होऊन चार दिवस झाले होते.

"मामा, बाळ छान आहे," ती म्हणाली. "तुला फोन आईमुळे केलाय. तिला सांगू नकोस. तिला पाळणा ऐकू येत नाहीये."

"म्हणजे? कानाचं यंत्र आहे ना तिला?"

"आहे. गेल्या वर्षी नवीन घेतलं. बाळ रडलेलं ऐकू येतं, कुकरची शिट्टी ऐकू येते. ती पाळणा म्हणायला लागली की तिला तिचा स्वतःचाच आवाज येईनासा होतो. आधी तिला वाटलं घसा बसला. मग मी म्हणून दाखवला, तर माझे नुसते ओठ हलताना दिसले. घाबरली रे ती. डॉक्टर म्हणाले, यंत्र ठणठणीत आहे. शेवटी मी यंत्राची नोंदवही उघडली. मामा, तिथे तुझं नाव आहे."

हेमंतरावांच्या हातातली साणशी तशीच राहिली.

स्वरनोंदीचा कायदा येऊन सहा वर्षं झाली होती. कायद्यावर 'चष्म्याची काडी'ने तीन लेख लिहिले होते, तिन्ही मोठ्या तोऱ्यात. कुणाचंही गाणं कुणीही उचलावं, हुबेहूब दुसऱ्याचा गळा यंत्राने काढावा, असा सुळसुळाट झाला होता, आणि त्यावर हा उतारा निघाला होता. प्रत्येक चालीचा एक ठसा असतो. ठसा घेताना सूर कुठला हे बघत नाहीत. एका सुरावरून पुढच्या सुरावर उडी केवढी आणि तिथे मुक्काम किती, एवढंच मोजतात. त्यामुळे तीच चाल बाईने म्हणा, पुरुषाने म्हणा, काळी चारमध्ये म्हणा नाहीतर बेसूर म्हणा, ठसा बदलत नाही. तिळाएवढी एक चकती हे ठसे ओळखते, आणि ती चकती आता आवाज घेणाऱ्या नि देणाऱ्या प्रत्येक वस्तूत बसवावी लागे. विनापरवाना चाल कानी पडली की चकती तेवढाच आवाज बाजूला काढून गाळून टाकायची. भांड्यांचा, पावलांचा, रडण्याचा आवाज जसाच्या तसा राहायचा. गाणं तेवढं जायचं.

कानाचं यंत्रही आवाज घेतं आणि देतं. कायदा करणाऱ्यांनी त्याला वगळायला हवं होतं. पण लोक गाणीही त्याच्यातूनच ऐकायला लागले होते, म्हणून वगळलं नाही.

आणि हेमंतरावांचं नाव तिथे कसं आलं, तेही त्यांना साणशी हातात असतानाच आठवलं. कायदा आला त्या वर्षी ब्लॉग सांभाळणाऱ्या कंपनीने सगळ्यांना एक चौकोन पाठवला होता: 'या पानांवरील सर्व मजकूर व ध्वनी यांचा मूळ निर्माता मीच आहे.' खूण केली नाही, तर ब्लॉग पुसला जाणार होता. बत्तीस वर्षं स्वल्पविरामसुद्धा न सोडणाऱ्या माणसाने तो चौकोन न वाचता भरला. त्या खुणेबरोबर आईचा पाळणा त्यांच्या नावावर चढला. ते धनी, म्हणून त्यांच्या घरातल्या डबीत तो रोज सकाळी सुखेनैव वाजत राहिला, आणि बाहेर तो कुठे कुठे मुका होतोय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

"बारसं बाराव्या दिवशी आहे," ऋतुजा म्हणाली. "आई काही बोलत नाही, पण पाळण्याची दोरी धरून नुसती बसते. काहीतरी कर."

*

हेमंतरावांनी केलं. त्याच दुपारी त्यांनी शैलाताईंच्या यंत्रासाठी कायमचा परवाना काढून पाठवला आणि आपण फार मोठं काम केलं अशा समाधानात वामकुक्षी घेतली. चार वाजता फोन वाजला.

"हेमू," पलीकडून आवाज आला. नऊ वर्षांनी आला.

"बोल ताई."

"हे काय पाठवलंयस? 'या चालीचे मूळ निर्माते श्री. हेमंत खटावकर यांच्या अनुमतीने.' खाली माझी सही मागतायत."

"नुसता उपचार आहे गं. सही केलीस की तुला परत ऐकू येईल."

"आईच्या पाळण्याखाली तुझं नाव, आणि ते मी कबूल करायचं."

"तसं नाही..."

"एकदा लिहिलंस, मी तिथे नव्हते. आता लिहितोस, आईही नव्हती." शैलाताईंचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं, असं हेमंतरावांना वाटलं. "आणि बारशाला पंचवीस बायका येणार. निम्म्यांच्या कानांत यंत्रं आहेत. त्यांना काय दारात उभं करून सह्या घेऊ? राहू दे. पाळण्याशिवाय पोरी मोठ्या होत नाहीत असं काही नाही."

"ताई, थांब. त्या मिठाच्या लेखाचं..."

"बाळ उठलं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मागे बाळ रडत नव्हतं.

हेमंतरावांनी फोन खाली ठेवला. लाज वाटत होती, आणि लाजेच्या खालून एक वेडा आनंद वर येत होता. ताई त्यांना हेमू म्हणाली होती. त्यांना या जगात हेमू म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी ते स्वरनोंदीच्या जिल्हा कार्यालयात गेले. खिडकीपलीकडे यास्मिन मुल्ला नावाची चाळिशीची अधिकारी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नोंद उघडून पाहिली.

"परवान्याने भागणार नाही काका," ती म्हणाली. "तुम्हाला हक्कच सोडावा लागेल. नावमुक्ती म्हणतात. मग ही चाल सगळ्यांची होईल, कुणाच्याच कानात अडणार नाही."

"मग सोडतो. कुठे सही करू?"

"आधी पूर्ण ऐका. चाल सगळ्यांची कधी धरतात? तिच्या मुळाशी कुठलंही जुनं रेकॉर्डिंग नसेल तेव्हा. तुमचं रेकॉर्डिंग मुळाशी आहे, तारखेसकट. ते राहिलं तर यंत्र पुन्हा पुन्हा त्याच्यापाशी जाऊन हक्क तुमच्याच नावावर लावणार. त्याला माणसाचं मन कळत नाही, जुनी तारीख कळते. म्हणून सही झाली की चोवीस तासांत ते सगळीकडून पुसलं जातं. तुमच्या घरातूनही."

"पुसलं म्हणजे..."

"म्हणजे राहत नाही, काका."

हेमंतरावांनी खिशातून रुमाल काढला आणि काही न पुसता परत ठेवला. "मी माझ्यापुरती एक प्रत ठेवली तर? जुन्या टेपवर वगैरे?"

यास्मिनने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी तुम्हाला पकडायला येणार नाही. पण ती टेप वाजताना एखाद्या फोनच्या कानावर पडली, शेजारच्या घरातल्या का असेना, की सगळं जुनं खातं परत उघडेल. तुमच्या ताई गात असतील आणि मध्येच त्यांना ऐकू यायचं थांबेल. पत्करता?"

हेमंतरावांनी नकारार्थी मान हलवली.

"पाळणा ताईंना पाठ आहे ना?" तिने विचारलं. "मग काय चिंता. आवाज जाईल, गाणं राहील."

त्यांनी कार्यालयाच्या पायऱ्यांवरूनच फलटणला फोन लावला. ऋतुजाने आईला विचारून सांगितलं, "दोन कडवी येतात म्हणते. तिसरं येत नाही."

हेमंतरावांना हे खरं वाटलं नाही. तिसरं कडवं मामावरचं होतं. पण विचारायचा हक्क आपण घालवून बसलोय, हे त्यांना कळत होतं.

*

म्हणजे आता पाळणा त्यांनाच शिकायला हवा होता. खटावकरांच्या घरात पुरुषांनी पाळणा म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि हेमंतरावांनी आरतीखेरीज काहीच म्हटलं नव्हतं. आरतीतही ते टाळ्यांच्या आडोशाला असत. शब्द कागदावर उतरवायला दहा मिनिटं पुरली. चाल मात्र कागदावर बसेना. रोज सकाळी आईबरोबर, दुपारी आईबरोबर, संध्याकाळी भाजी निवडताना आईबरोबर ते गायला लागले.

*निजली गं चूल, निजलं गं जातं,*
*दारातल्या तुळशीचं हलेना पातं.*

शेजारच्या देवकाते वहिनींनी पहिल्या दिवशी विचारलं, बरं आहे ना. दुसऱ्या दिवशी त्या काही न विचारता काढा देऊन गेल्या.

गाताना हेमंतरावांना आईच्या आवाजात कधी न ऐकलेल्या गोष्टी ऐकू यायला लागल्या. पहिल्या कडव्याच्या शेवटी तिचा श्वास पुरत नव्हता. दुसऱ्यात ती एका जागी हसली होती, कुणाकडे तरी बघून हसल्यासारखी. दहा वर्षं त्यांनी हे ऐकलं होतं आणि त्यातलं काहीच ऐकलं नव्हतं. ते नुसते दाराशी उभे राहत आले होते.

एक गोष्ट मात्र त्यांना जमेना. तिसरं कडवं सुटं म्हणायला गेलं की चाल हरवायची. दुसरं म्हणायचं, मग मिठाचं विचारायचं, मग तिसरं आपोआप जिभेवर यायचं. मिठाचं गाळलं की तिसरं पहिल्याच्याच वळणावर जायचं. त्यांनी मनातल्या मनात विचारून पाहिलं, आकडे मोजून पाहिले. शेवटी नाद सोडला.

बारशाच्या दोन दिवस आधी त्यांनी ब्लॉग उघडला. 'मीठ' या लेखाच्या वर त्यांनी नवा मजकूर लिहिला. मोठं लिहायचा मोह झाला. सुरुवातीला एक छानसा परिच्छेद आलाही होता, तो त्यांनी खोडला आणि एवढंच ठेवलं:

'दुरुस्ती. त्या दिवशी माझी बहीण शैला स्वयंपाकघरात होती. आमटी तिनेच केली होती. मला हे माहीत होतं. लेख चांगला व्हावा म्हणून मी तिला घरातून काढलं.'

मग त्यांनी आधण ठेवलं आणि आई लावली. या वेळी ते बरोबर गायले नाहीत, नुसते ऐकत राहिले. साखर टाकायचं विसरले. तिसरं कडवं संपल्यावर त्यांनी गॅस बंद केला, खुर्चीवर बसून नावमुक्तीवर सही केली, आणि तो बिनसाखरेचा चहा शेवटपर्यंत प्यायले.

दुसऱ्या सकाळी सवयीने ते डबीला म्हणाले, "आई लाव."

"अशी नोंद सापडत नाही," डबी म्हणाली.

पाणी उकळत राहिलं. आई आता पलीकडच्या खोलीतही नव्हती. हेमंतरावांना रडू आलं, दहा वर्षांत पहिल्यांदा, आणि त्यांनी ते येऊ दिलं. मग नाक पुसून, घोगऱ्या गळ्याने, त्यांनी स्वतःच पहिलं कडवं म्हटलं आणि साखर टाकली.

*

बारशाच्या दिवशी ते फलटणला पोहोचले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत घुगऱ्यांच्या वाट्या घेऊन बसली होती. शैलाताई दारात आल्या. केस पांढरे झाले होते. बाकी डोळे आईचे होते.

"आलास," त्या म्हणाल्या. दुरुस्तीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. "बस. प्रवासाचा शिणला असशील." आणि आत गेल्या.

आत आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, कुणीतरी ताटली वाजवली, आणि मग पाळण्याची दोरी शैलाताईंच्या हातात आली. हेमंतराव मधल्या दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. शैलाताईंनी पाळण्याला एक झोका दिला. मग त्यांनी हळूच सुरुवात केली, थंड पाण्यात पाय घालून बघावा तशी. पहिल्या ओळीला त्यांचा डावा हात कानाकडे गेला आणि तिथेच राहिला. दुसऱ्या ओळीला आवाज मोकळा झाला. त्यांना ऐकू येत होतं. ऋतुजा रडायला लागली, शेजारच्या बाईने तिला बाळंतिणीने रडू नये म्हणून दटावलं.

दोन कडवी झाली आणि शैलाताई थांबल्या.

"पुढचं मला येत नाही," दोरी ओढत त्या म्हणाल्या. त्यांची नजर पाळण्यावर होती. "ते मामाला येतं."

पंचवीस बायकांनी माना वळवल्या. हेमंतरावांनी घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि चाल आली नाही. पुन्हा प्रयत्न केला. पहिल्याचंच वळण आलं. कुणीतरी मागे हसलं. तिसऱ्या कडव्याकडे जायची वाट त्यांना एकच माहीत होती, आणि आता ती धरण्याखेरीज गत्यंतर नव्हतं.

"शैला," ते आईच्या त्याच हेलात म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमटीत मीठ टाकलंस का गं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पाळण्याची कडी कुरकुरत होती, तीही थांबली, कारण शैलाताईंच्या हातातली दोरी थांबली होती. त्यांनी वर पाहिलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ भावाकडे.

"टाकलं, आई," त्या म्हणाल्या. "तेव्हाच टाकलं होतं."

आणि तिसरं कडवं जिभेवर आलं.

*मामाच्या गावाची वाट गं लांब,*
*येईल तो येईल, जराशी थांब.*

हेमंतरावांचा आवाज दुसऱ्याच शब्दावर फाटला. पण तोपर्यंत शैलाताईंनी सूर धरला होता. दोरी पुन्हा हलायला लागली. तिसरं कडवं त्यांनी अखेरपर्यंत म्हटलं, आणि त्यात एक अक्षरही चुकलं नाही.